कुत्र्यांना अहो म्हणणारे आबा

माणसांना 'अरे' आणि कुत्र्यांना 'अहो' म्हणणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. घोटावड्याचे आबा. त्यांच्या ओट्यावर मामलेदार आला तरी ते बसल्या जागेवरून विचारायचे, "कोण रे तू? कशाला आलास?" आणि त्याच ओट्यावर एखादं हडकुळं कुत्रं चढलं की सरकून जागा करायचे. "या, बसा. उन्हाचं कुटं निघालात?"

मला हा प्रकार पहिल्या दिवसापासून संतापजनक वाटला. अजूनही थोडा वाटतो.

संताप यायला कारण होतं. आबा एका छोट्या संस्थानात श्वानखान्याचे कारभारी होते. म्हणजे राजेसाहेबांची शिकारी कुत्री सांभाळायची नोकरी. कारवानी जातीची कुत्री. लांब तोंडं, पाठीला चिकटलेली पोटं, पाय बघावेत तर हरणाचे. रयत नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढत होती आणि हे कुत्र्यांना मटण चारत होते! संस्थान विलीन झालं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गुरुजींनी पेढे वाटले होते. आबांनी त्या वेळी काय केलं, ते मला फार उशिरा कळलं.

ही गोष्ट त्यानंतर काही वर्षांनी, मी नुकतीच मॅट्रिक होऊन पुण्याहून परत आले होते तेव्हाची. पुण्यात दोन गोष्टी शिकले होते: सभेत मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलणं आणि एका पानात मावेल असं पत्रक लिहिणं. दारूबंदीवर पत्रक, हुंड्यावर पत्रक, गावच्या पाणवठ्यावर कुणाला येऊ देत नाहीत त्यावर पत्रक. आमचे अण्णा पौडच्या कचेरीत कारकून. रोज आमच्या कासार आंबोलीहून सायकलीवर जायचे आणि वाटेत कुणी माझं पत्रक दाखवलं की "वाचलं नाही अजून" म्हणून पायडल मारायचे.

आणि घरी दिवसभर आई एकटी. आईला ऐकू येत नव्हतं. मी दहा वर्षांची असताना विषमज्वरात तिचे कान गेले. पण बोलणं गेलं नाही, उलट वाढलं. आपलाच आवाज ऐकू येत नाही म्हटल्यावर तो आवरायचा कशाला? तिनं मला हाक मारली की ओढ्यापलीकडची म्हशी राखणारी बाई "ओ" द्यायची.

एका दुपारी आई पुढच्या दारात पावटे सोलत बसली होती आणि मागच्या दारानं कुणीतरी आत येऊन तांब्याचा हंडा उचलून नेला. भरलेला हंडा. चोरानं पाणी तिथंच मोरीत ओतलं, हंडा खांद्यावर घेतला आणि गेला. आईला पत्ता नाही. हंड्याचं कुणाला एवढं वाटलं नाही. पण त्या दिवसापासून आईनं दोन्ही दारांना आतून कड्या लावायला सुरुवात केली. भर दुपारी, खिडकीसुद्धा लावून, काळोखात बसायची. मी किंवा अण्णा आलो तर तिला कळणार कसं? मग खिडकीच्या फटीतून काठी आत घालून हलवायची. ओढ्यापलीकडं आवाज पोचवणारी बाई घरात दिवा न लावता बसलेली मला बघवेना.

"कुत्रं आणू," मी म्हणाले.

"आणू," अण्णा म्हणाले. "पण जातिवंत."

तिथून आमच्या घरात भांडण सुरू झालं. कचेरीतल्या अव्वल कारकुनानं अण्णांना सांगितलं होतं की पुण्यात कँपात एक व्यापारी आहे, तो अल्सेशियन पिल्लू देतो आणि बरोबर वंशावळीचा कागदही. शिक्क्यासकट! 'शिक्क्यासकट' म्हणताना अण्णांचा आवाज हळुवार व्हायचा. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले होते. आपल्या घरात एक तरी शिक्केवाला प्राणी असावा, असं त्यांना वाटत असणार.

मी म्हटलं, "जात मोडायला निघालेल्या घरात जातिवंत कुत्रं? लोक तोंडात शेण घालतील. पिठाच्या गिरणीमागं कुत्री व्यालीय. तिचं एक पिल्लू आणा."

"गिरणीमागच्या कुत्र्याच्या बापाचा पत्ता आहे का?"

"अल्सेशियनच्या बापाशी तुम्हाला काय सोयरीक करायचीय?"

आई आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. ओठांवरून तिला बरंचसं कळायचं. शेवटी ती म्हणाली, "घोटावड्याच्या आबास्नी इचारा की. कुत्र्यातलं त्येंच्याइतकं कुणाला कळतंय?"

अण्णा आणि मी घोटावड्याला गेलो. आबा ओट्यावर एका कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत बसले होते. ओठांवरून हनुवटीपर्यंत ओघळलेली पांढरी मिशी. संस्थानी थाट तेवढाच उरलेला. धोतराला तीन ठिगळं. अण्णांनी कँपातल्या व्यापाऱ्याचं आणि कागदाचं सांगितलं.

"कागदावर सही कुणाची?" आबांनी विचारलं.

"व्यापाऱ्याची."

"कुत्रीची न्हाई?"

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"मग त्यो कागद यापाऱ्याच्या वंशाचा. कुत्र्याचा न्हवं. आई बघितलीस का त्येची? आई कुटं राहती, काय खाती, माणूस दारात आला तर काय करती, बघितलंस? न्हाई ना? मग गाढव घ्यायला निघालायस का कुत्रं, तुला तरी म्हाईत हाय का?"

मग माझ्याकडं वळले. "आन् तुझं काय गं?"

मी गिरणीमागच्या पिल्लाचं सांगितलं आणि एका दमात जातिभेदावर बोलले. दोन-तीन मिनिटं बोलले असेन. आबांनी ऐकून घेतलं.

"माणसाला जात नसती, पोरी," ते म्हणाले. "कुत्र्याला असती. एक पळायला, एक राखायला, एक मेंढरं वळायला. आईच्या पोटातनं ठरूनच येतं. माणसाचं तसं न्हाई. त्येनं काय व्हायचं ते त्येनं रोज सकाळी उठून ठरवायचं. म्हणून तर एवढा घोळ हाय."

माझ्या दोन पत्रकांत मिळून एवढं नव्हतं. त्यामुळं मला जास्तच राग आला.

मग त्यांनी विचारलं, "घरात दिसभर कोण असतं?" अण्णांनी आईचं सांगितलं. आबांचा हात कुत्र्याच्या कानावर थांबला.

"मग न्हाई."

"का?"

"कुत्रं भुंकून बोलतं. भुंकून भुंकून जीव जायचा त्येचा आन् घरात ऐकणारं कुणी न्हाई. खचतं कुत्रं. न्हाई, मी बहिऱ्या घरात न्हाई सांगायचो. जा."

संस्थानं गेली, राजे गेले आणि हा माणूस अजून कोणाला काय द्यायचं ते ओट्यावर बसून ठरवतोय! मी त्याच आठवड्यात पुण्याच्या छापखान्यात गेले. गुलाबी कागद, ठळक मथळा: 'माणसाला भाकर नाही आणि कुत्र्याला कुळ!' खाली सगळं लिहिलं. राजाच्या कुत्र्यांना रोज मटण चारणारा एक सरंजामी अवशेष घोटावड्यात बसला आहे. मुळशी तालुक्यात कुठं-कुठं राजघराण्याच्या कुत्र्यांचा वंश पोसला जातो ते त्याला एकट्याला ठाऊक आहे. ही कुत्री वाऱ्याला मागं टाकतात, ससा सुटू देत नाहीत, धन्यासाठी बिबट्याच्या अंगावर जातात, आणि हे सगळं कुणासाठी? मूठभरांसाठी! पत्रकं मी स्वतः पौडच्या बाजारात वाटली.

पुढच्या रविवारी आबांच्या दारात वीस-पंचवीस माणसं उभी. सगळ्यांच्या हातात गुलाबी कागद. सगळ्यांना ससा सुटू न देणारं कुत्रं हवं होतं.

आबांनी निरोप धाडला, "त्या भुंकणाऱ्या पोरीला लावून द्या." मी गेले. माझं पत्रक त्यांनी भिंतीला खिळ्यानं लावलं होतं. त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा.

"तिसऱ्या ओळीत चूक हाय," ते म्हणाले. "मटण रोज न्हवतं. एकादशीला बंद असायचं. आन् बिबट्याच्या अंगावर कुठलंच शाणं कुत्रं जात न्हाई. बाकी बरं लिवलंयस. आता ही जत्रा तू भरवलीस, तूच मोड. बस हितं."

दोन रविवार मी आबांच्या ओट्यावर बसून लोकांना परत पाठवत होते. आबांचे प्रश्न ठरलेले होते. घरात सगळ्यात आधी कोण उठतं? उरलेली भाकरी कोण टाकतं? आणि शेवटचा प्रश्न: तुझ्या घरात शेवटी मेलेलं जनावर कोणतं आणि त्याचं नाव काय?

पन्नास एकरवाला एक पाटील आला होता. फेट्याचा शेमला कमरेपर्यंत. "शेवटचा बैल मेला गेल्या साली," तो म्हणाला.

"नाव?"

"नाव... बैलच की. तांबडा व्हता."

"जा घरी," आबा म्हणाले.

"आबा, मी पैसं मोजतो. सांगाल तेवढं."

"माझी न्हाईत ती. दुसऱ्याच्या लेकी इकू व्हय मी? ऊठ."

त्याच्यामागं पिरंगुटचे बांगड्यावाले चाचा उभे होते. त्यांची बांगड्या वाहणारी घोडी गेली होती. आबांनी नाव विचारलं. चाचा म्हणाले, "चांदणी." टोपी काढून डोळे पुसले. आबा उठून आत गेले, वही घेऊन आले आणि एका घराचा पत्ता सांगितला. वीस-पंचवीस जणांत त्या दिवशी पास झाला तो एकटा हा माणूस.

त्या वहीत काय आहे ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं: राजवाड्यातल्या कुत्र्यांचा वंश कुठल्या घरी आहे, त्याची नोंद. विलीनीकरणानंतर राजवाड्यातल्या मोटारी विकल्या गेल्या, घोडे विकले गेले. कुत्री कुणाला नको होती. 'निकालात काढा' असा हुकूम आला. आबांनी अकरा कुत्र्यांच्या गळ्यांत दोर बांधले आणि डोंगरवाटांनी चार दिवस चालत त्यांना मुळशीत आणलं. मागेल त्याला दिली. न विचारता.

"तिथं चुकलं," आबा म्हणाले. "एकीला वीटभट्टीवर साखळीला बांधलं व्हतं. मी गेलो तवर मानंचं मास निघालेलं. माझा आवाज आला तशा त्या शेपूट हलवायला लागल्या. मला म्हणल्या असतील, आबा, किती उशीर." मग शेजारच्या कुत्र्याच्या कानात गोचीड शोधायला लागले. "तवापास्नं मी घर बघतो. कुत्रं काय, कुठलंबी चांगलंच असतंय."

मी त्या दिवशी घरी येताना पत्रकाचा मथळा मनात पुन्हा वाचून पाहिला. मथळा अजून चांगला वाटत होता. पण तो या माणसाला बसत नव्हता.

दुसऱ्या रविवारी आई माझा डबा घेऊन घोटावड्याला आली. घराबाहेर पडून एवढं चालून ती कितीतरी दिवसांनी आली होती. माझी बस चुकली असेल, पोर उपाशी असेल, एवढं एकच तिला सुचलं होतं. ओट्यासमोर उभी राहून तिनं आबांना सरळ विचारलं, "आमास्नी का न्हाई म्हणालात?"

आबा काहीतरी बोलले.

"मिशी बाजूला करा," आई म्हणाली. "ओठ दिसत न्हाईत. काय म्हणताय ते कळंना."

राजेसाहेबांसमोरही न वाकलेली ती मिशी. आबांनी दोन बोटांनी मिशी वर उचलून धरली आणि तशाच अवस्थेत, सावकाश म्हणाले, "तुमाला... ऐकू... येत न्हाई."

माणसाला 'तुम्ही' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

"बहिरी हाय, आंधळी न्हाई," आई म्हणाली. "कुत्रं काय म्हणतंय ते त्येच्या कानावनं, शेपटीवनं दिसतंय की. तुमी त्येंचं बोलणं कानानं ऐकता? मग काय ऐकता डोंबल?"

मिशी तशीच धरून आबा विचारात पडले. मग म्हणाले, "सूसला बाईसाहेब व्याल्यात. त्या ठरवतील. बुधवारी गाडी जुपा. भाकरी घरची आणा, ज्येला कुत्रं पायजे त्येच्या हातची."

आबांचा हा दंडकच होता. पिल्लू आधी बघायचं नाही. आधी आई बघायची. आपल्या हातची भाकरी तिच्यासमोर धरायची. तिनं खाल्ली तर पिल्लाला हात लावायचा, नाहीतर आल्या वाटेनं परत.

सूसला डोंगराच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात बाईसाहेब होत्या. कडब्याच्या आडोशाला, पोटाशी सात पिल्लं. आम्हाला बघताच त्यांनी मान वर केली आणि गुरगुरायला सुरुवात केली. साधं गुरगुरणं नव्हे. जात्याला दगड लागावा तसा खोल घरघरता आवाज. गोठ्यातली गाय मागं सरकली.

"तू आधी," आबा अण्णांना म्हणाले. अण्णांनी टोपी नीट केली, भाकरी हातात धरली, दोन पावलं टाकली आणि भाकरीसकट बैलगाडीत जाऊन बसले.

मग मी. मोर्चात पोलिसांच्या काठीसमोर उभी राहिलेली मुलगी मी! तीन पावलं टाकली. बाईसाहेबांनी वरचा ओठ जरासा उचलला. दात दिसले. चौथं पाऊल मी मागं टाकलं.

"दोन्ही नापास," आबा म्हणाले. "गाडी वळवा."

पण आई तिथं नव्हती. ती आमच्या बाजूनं निघून कधीच पुढं गेली होती. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात दुधाचा तांब्या. गुरगुरणं वाढलं. मी हाक मारायला तोंड उघडलं. हाक मारून उपयोग नाही हे अशा वेळी सुचत नाही. आबांनी माझा दंड घट्ट पकडला. "गप," ते पुटपुटले.

आई बाईसाहेबांसमोर जमिनीवर बसली, भाकरी दुधात कुस्करायला लागली आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या सूस गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "अगं बाई, सात? आन् ही माणसं बाळंतिणीला कोरडी भाकरी दावत्यात! अक्कल हाय का ह्यास्नी?"

गुरगुर चालूच होती. आईनं हात पुढं केला आणि तो सरळ बाईसाहेबांच्या गळ्यावर ठेवला.

आई वळून काळजीनं म्हणाली, "आबा, हिचं नरडं थरथरतंय हो. थंडी वाजून ताप आलाय का हिला?"

आबा हसले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा मिशी हलली, मग खांदे, मग ते खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. ते हसणं थांबेपर्यंत गुरगुरणंही थांबलं होतं. बाईसाहेब दूध-भाकरी खात होत्या आणि आई त्यांना बाळंतपणात काय खावं ते सांगत होती.

पिल्लू आईनं निवडलं नाही. ती उठायला लागली तेव्हा एका पिल्लानं तिचा पदर तोंडात धरला होता आणि ते सोडायला तयार नव्हतं. इतर सहा कुईंकुईं करत होती. हे गप्प. नुसतं ओढत होतं.

आबांनी मिशी वर धरली आणि आईला म्हणाले, "ह्या बोलत न्हाईत. वढतात. तुमचं जमंल."

तीच आमची ठमाबाई. अण्णा तिला सुरुवातीला 'अगं ठमे' म्हणायचे. आबांनी एकदा ऐकलं आणि अशा नजरेनं बघितलं की त्या दिवसापासून अण्णाही 'अहो ठमाबाई' म्हणायला लागले. शिक्क्याची हौस मात्र त्यांनी भागवून घेतली. कचेरीतून कोरा कागद आणला, 'ठमाबाई, कन्या बाईसाहेब, मौजे सूस' असं लिहिलं आणि सरकारी शिक्का मिळेना म्हणून शाईत बुडवून तिचाच पंजा उमटवून घेतला. आबा म्हणाले, "ही सही खरी."

ठमाबाई कधी भुंकल्याच नाहीत असं नाही, पण घरात नाही. दारात कुणी आलं की त्या आईच्या मागं जाऊन पदर ओढायच्या. ओळखीचं असेल तर एकदा, अनोळखी असेल तर सोडायच्याच नाहीत. आईचे सगळे पदर दातांनी जाळीदार झाले. पण दारांच्या कड्या निघाल्या. दुपारी आमचं पुढचं दार, मागचं दार, दोन्ही खिडक्या सताड उघड्या आणि आईचा आवाज पुन्हा ओढ्यापलीकडं.

आबा दर महिन्याला तपासणीला यायचे. ठमाबाईंची मान बघायचे, ताट बघायचे, निजायची जागा बघायचे. पहिल्या तपासणीला आले तेव्हा ठमाबाईंनी एकदाच पदर ओढला आणि आबा पायरी चढेपर्यंत आईनं चहाचं आधण ठेवलं होतं. आबा ओट्यावर टेकले. मी बघितलं आणि बघतच राहिले. ओठांवरची मिशी त्यांनी कातरून टाकली होती.

"उन्हाळा लई हाय," माझ्याकडं न बघता ते म्हणाले.

मागच्या थंडीत आबा गेले. त्यांच्या भाच्यानं एक गाठोडं माझ्याकडं पोचतं केलं. आत वही होती आणि माझं गुलाबी पत्रक, लाल खुणांसकट. आता लोक माझ्याकडं येतात. जातिवंत पिल्लू कुठं मिळेल म्हणून विचारतात. मी पत्रकं लिहिणारी मुलगी, मला हे काम शोभत नाही, असं आमच्या चळवळीतले काहीजण म्हणतात. मी त्यांना विचारते, तुमच्या घरात शेवटी मेलेल्या बैलाचं नाव काय?

वहीत प्रत्येक कुत्र्याचं पान आहे. कुणाची लेक, कुठल्या घरी, आणि खाली त्या घरावरचा शेरा. ठमाबाईंच्या पानावर असं लिहिलंय:

'बाई ऐकत नाहीत. समजतात. कारकून कागदास भितो, कुत्र्यास जास्त भितो, स्वभावाने गरीब. पोरगी भुंकते फार. चावत नाही. घर पास.'

शेवटचे दोन शब्द मी कितीतरी वेळा वाचले. त्यांच्या आधीचे दोन मात्र मला मान्य नाहीत. लाल पेन्सिल घेतली आणि 'चावत नाही'च्या पुढं एक ठळक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.